समोरच्याची चिठ्ठी

३ मार्च, सोमवार

ही वही छोट्या वकिलांनी दिली. म्हणाले, "तुझ्या चिठ्ठ्या वाचायला मला भिंग लागतं. रोज चार ओळी लिहीत जा, अक्षर सुधारेल." काय लिहू, असं विचारलं. म्हणाले, "जे झालं ते. आणि कोणाला दाखवू नकोस, मलासुद्धा."

तर जे आहे ते. शाळा पाचवीपर्यंत. हे शहर घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या देशात. तीन वर्षांत ही माझी सहावी नोकरी. तुझ्या पायाला भिंगरी आहे असं दादा म्हणतो, आणि हाकही भिंगरी अशीच मारतो. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. त्यानेच मला इथे आणलं, त्याच्याच खोलीत मी राहतो. तो छापखान्यात पहारेकरी आहे. आठ वर्षं एकच खुर्ची. मला तर नुसत्या विचाराने पायाला मुंग्या येतात.

मी मोफत वकील केंद्रात आहे. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एकीत वकीलबाई, दुसरीत छोटे वकील. बाहेर बाक आणि मी. येणाऱ्याला नंबर द्यायचा आणि चिठ्ठी लिहायची. तुमचं नाव काय आणि समोरचा कोण? समोरचा म्हणजे ज्याच्याशी भांडण आहे तो. मग खोक्यातल्या जुन्या चिठ्ठ्या बघायच्या. समोरचा आधीच आपल्याकडे येऊन गेला असेल, तर या माणसाला आत सोडायचं नाही, दुसरीकडे पाठवायचं. वकीलबाई म्हणतात, दोन्ही बाजूंची गुपितं एका कपाटात राहत नाहीत.

चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं. हात दुखतो.

५ मार्च, बुधवार

आज बाकावर भांडण. मागच्या वर्षी इथे मतदान झालं. देशाचे जुने कायदे बदलून नवे आणायचे का, हो की नाही? होवाले थोडक्यात जिंकले. तेव्हापासून सगळं शहर दोन. होवाल्यांचा न्हावी वेगळा, नाहीवाल्यांचा वेगळा. फक्त आमचा बाक एकच, कारण वकीलबाईंकडे दुसरा घ्यायला जागा नाही.

तर एक होवाली आजी आणि एक नाहीवाला ड्रायव्हर शेजारी. दोघांनाही घरमालकाने घराबाहेर काढलेलं. आजीने मध्ये छत्री आडवी ठेवली आणि म्हणाली, "याच्या पलीकडे सरकायचं नाही." ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तुमच्या कायद्यानेच तुम्हाला घराबाहेर काढलं की." "काढलं तर काढलं, पण कायद्याने काढलं!" मला हसू आवरेना. शेवटी निघालं असं की दोघांचा घरमालक एकच. वकीलबाईंनी दोघांना एकदम आत घेतलं. बाहेर येताना ड्रायव्हरने आजीची छत्री धरली होती, पण बोलत नव्हते.

६ मार्च, गुरुवार

दादाच्या परवान्याचं नूतनीकरण आहे. उद्या सकाळी आठला फोटो. आपल्यासारख्या बाहेरच्यांना परवान्याशिवाय इथे उभंही राहता येत नाही. म्हणून तो ड्यूटीवरून गुपचूप तासभर खोलीवर आला, केस कापून घ्यायला. कात्री माझ्या हातात. डब्यांच्या कारखान्याचा पाचचा भोंगा झाला तेव्हा मी त्याच्या गळ्यात टॉवेल बांधला. डावी बाजू होईपर्यंत साडेपाच होऊन गेले. उजवीकडे कात्री नेतो तर खिडकीतून धूर. छापखान्यातून! दादा टॉवेलसकट पळाला. मी "अरे, अर्धंच झालंय" म्हणेपर्यंत जिना उतरला होता.

७ मार्च, शुक्रवार

छापखान्याची मागची बाजू जळली. होवाल्यांचे फलक तिथेच छापले जायचे, त्यामुळे नाहीवाल्यांनीच लावली असं जो तो म्हणतोय. दादा रात्रभर चौकीत होता, तिथून तसाच फोटोला गेला. फोटोवाल्याने विचारलं म्हणे, "ही नवीन फॅशन का?" परवान्याचा कागद दाखवला. डावीकडून साहेब, उजवीकडून झुडूप. मी पोट धरून हसलो. दादा हसला नाही.

८ मार्च, शनिवार

दादा दोन दिवस जेवला नाही. मालक कसल्याशा कागदावर सही मागतोय, एवढंच म्हणाला. मी त्याला केंद्रात नेलं. गर्दी होती, पण छोट्या वकिलांकडे मधूनच सोडला. चिठ्ठी लिहिली नाही. घरच्या माणसाची कसली चिठ्ठी?

अर्ध्या तासाने बाहेर आला. म्हणाला, "सही करू नका म्हणाले." "मग नको करू." म्हणाला, "हो, तुझं बरं आहे."

१० मार्च, सोमवार

कापडं शिवणारी एक बाई आली. बोटांना सुईची भोकं. एकोणीस वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री पकडला, छापखाना जाळला म्हणून. नाहीवाल्यांची पत्रकं वाटायचा हे ती लपवत नाही. "पत्रकं वाटली, काडी नाही लावली. घरात चूलसुद्धा मी पेटवते, त्याला येत नाही." मुलगा त्या संध्याकाळी नदीकाठी एकटाच फिरत होता म्हणे. एकट्याला साक्षीदार कुठून आणायचा? नव्या कायद्यात आगीला जामीन नाही, पुरावा खोटा ठरला तरच. खटला चालेपर्यंत मोठ्या तुरुंगात, आणि खटला तीन-चार वर्षांनी.

समोरचा: पोलीस आणि छापखान्याचा मालक. खोका बघितला. काही नाही. दादाचं मनात आलं, पण दादाचं भांडणही मालकाशीच, म्हणजे दोघं एकाच बाजूचे. मग अडचण कसली? वकीलबाईंनी खटला घेतला. छोटे वकील आठवडाभर दुसऱ्या गावच्या कोर्टात आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

केंद्राच्या फोनवर शिव्या. सकाळी होवाले, "आग लावणाऱ्यांचे वकील." दुपारी नाहीवाले, कारण परवा एका होवाल्या शिपायाची बढती आम्ही मिळवून दिली. मी दोघांनाही "थांबा, लिहून घेतो" म्हणतो. मग ते शिव्या सावकाश देतात.

शिवणवाली रोज येते. काम नसलं तरी बाकावर बसते. काल बाकाच्या फाटलेल्या गादीला टाके घातले. मी म्हणालो, "मावशी, राहू द्या." म्हणाली, "हात रिकामे ठेवले तर डोकं चालतं रे."

१९ मार्च, बुधवार

पोलिसांचे कागद आले. पुरावा म्हणजे एकच जबाब. ‘मी मागच्या फाटकावर ड्यूटीवर होतो. साडेपाच वाजता सदर मुलाला पळताना पाहिलं.’ खाली सही. पहारेकऱ्याची. दादाची.

छोटे वकील परत आले होते. त्यांनी ते वाचलं. मला विचारलं, "याची चिठ्ठी कुठे आहे?"

मी खोका उघडून बघितला. का बघितला कोण जाणे. मला माहीत होतं.

२० मार्च, गुरुवार

वकीलबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं, समोर बसवलं. म्हणाल्या, "तो आधी आपल्याकडे आला. त्याने छोट्या वकिलांना जे सांगितलं ते आम्हाला विसरता येत नाही आणि वापरताही येत नाही. मुलाचा खटला आजच सोडावा लागेल."

"म्हणजे मुलगा आत जाणार?"

"कोर्टाच्या यादीवरचा दुसरा वकील मिळेल. अठ्ठावीसला तारीख आहे. त्या जबाबाला खोटं पाडणारं कोणी मिळालं नाही तर जाईल."

मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. मला काय ते विचारा, मी सगळं—"

त्यांनी हात वर केला. "गप्प बस. मी तुला काहीही विचारणार नाही. त्या सहा तारखेबद्दल तर अजिबात नाही. मी वकील आहे, माझं तोंड बांधलेलं आहे. तू वकील नाहीस. हा फरक नीट समजून घे आणि जा."

समजलं. शिपायाने शिपायासारखं राहावं. इतकं लागलं की जेवण गेलं नाही. माझं तोंडसुद्धा बघायला नको त्यांना.

२१ मार्च, शुक्रवार

शिवणवालीला वकीलबाईंनी स्वतः सांगितलं. कारण सांगता येत नाही, एवढंच. ती म्हणाली, "किती दिले त्यांनी?" ती मग माझ्याकडे वळली. "तू तरी सांग रे, माझ्या मुलाने काय वाईट केलं तुमचं?"

संध्याकाळी दारावर काळा रंग. ‘विकले गेले.’ दहा दिवसांपूर्वी याच दारावर होवाल्यांनी ‘देशद्रोही’ लिहिलं होतं. मी रॉकेलने पुसत बसलो. नवं आधी निघालं, तर खालून जुनं दिसायला लागलं.

२३ मार्च, रविवार

दुपारी दार वाजलं. उघडलं तर शिवणवाली, हातात मुलाचा फोटो. छापखान्याकडे खिडकी असलेली सगळी घरं ती एकेक करून फिरते आहे.

"अगं बाई, तू इथे राहतोस?"

मी दारात आडवा उभा राहिलो. आत दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"सहा तारखेला साडेपाचला खिडकीत कोणी होतं का? काही दिसलं का? काहीही?"

मी म्हणालो, "आम्ही कामावर होतो, मावशी."

तिने आत बघितलं. म्हणाली, "पाणी देतोस?" दिलं. पायरीवर बसून प्यायली, भांडं उपडं घातलं आणि शेजारच्या दारावर गेली. तेच शब्द. त्याच्या पुढच्या दारावर तेच. भिंतीतून ऐकू येत होतं.

मग मला कळलं. कात्री माझ्या हातात होती. मला कोणी गुपित सांगितलेलं नाही. मी स्वतः बघितलं आहे. माझं तोंड कोणी बांधलेलं नाही.

दादाला म्हणालो, "तू फाटकावर नव्हतास."

"बरं मग?"

"जबाब मागे घे."

"भिंगरी, मालक म्हणाला सही कर, नाहीतर ड्यूटी सोडून गेलास हे परवाना कार्यालयाला कळवतो. आठ वर्षं काढली मी इथे. तू आज इथे, उद्या तिथे. तुला काय, बॅग उचलली की झालं. मी कुठे जाऊ?"

"आणि तो पोरगा?"

"त्याची आई आहे त्याच्यासाठी दारं वाजवायला."

"तुलाही आई आहे."

त्यावर तो रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, उशी तोंडावर धरून, चाळीस वर्षांचा माणूस. मी तिथेच उभा राहिलो, निघून गेलो नाही, जवळही गेलो नाही.

२४ मार्च, सोमवार

यादीवरचा वकील कोर्टाच्या जिन्यात गाठला. काखेत पाच फायली, हातात अर्धं बिस्कीट. सगळं सांगितलं. बिस्कीट तसंच राहिलं.

"हे कुठे लिहून ठेवलंय का? डायरी वगैरे?"

"नाही," म्हणालो.

या वहीत दादाचं कालचं रडणंही आहे. ते कोर्टाला कशाला?

म्हणाला, "नुसत्या तुझ्या शब्दावर अवघड आहे. तू त्या केंद्राचा माणूस, ते म्हणतील शिकवून पाठवला." परवान्यावरचा फोटो माझ्या जिभेवर आला होता. गिळला. माझ्यापुरतं मी बोलीन. दादाच्या खिशात हात घालणार नाही.

खोलीवर येऊन दादाला सांगितलं, मी साक्ष देणार. त्याने ताट बाजूला केलं. "बरं," म्हणाला. एवढंच.

२६ मार्च, बुधवार

आत्याचा फोन. "दोघं एका ताटात जेवता ना रे? परक्या मुलखात एकमेकांना धरून राहा." मी हो म्हणालो. दादाकडे फोन दिला तर तोही हो म्हणाला. दोघंही खोटं बोललो, पण एकाच सुरात.

२८ मार्च, शुक्रवार

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या, असं लिहिलं असतं. पण हे वाचणार कोण?

कोर्टात अर्धी खोली होवाले, अर्धी नाहीवाले, मध्ये पोलीस. आधी मी. नाव, गाव, शपथ. सांगितलं. भोंगा, टॉवेल, डावी बाजू, धूर.

सरकारी वकील उठले. "तुम्ही होवाले की नाहीवाले?"

"मला मत नाही साहेब. आम्ही बाहेरचे."

"तरी मनात काहीतरी असेलच."

"मनात केस कापायचे होते."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं, हसणं बंद.

"केंद्रात काम करता. वकीलबाईंनी काय शिकवून पाठवलं?"

"बाईंनी सांगितलं की त्या मला काहीही विचारणार नाहीत." हे बोलताना माझ्याच कानात काहीतरी वाजलं. अजिबात नाही, तू वकील नाहीस, फरक समजून घे आणि जा. मी आठ दिवस रागावलो होतो त्यांच्यावर. गाढव मी.

"थोडक्यात, तुमच्या शब्दाला पुरावा काही नाही."

मी दादाकडे बघितलं नाही. "नाही," म्हणालो.

मग दादाला बोलावलं. टोपी घातलेली. न्यायाधीशांनी ओळखीचा कागद मागितला. दादाच्या शर्टाला छापखान्याचं ओळखपत्र लटकत होतं, चांगलं मोठं, जुन्या फोटोचं. पण घाबरला असणार, कारण त्याने ते सोडून आतल्या खिशात हात घातला, घडी केलेला परवाना काढला, घडी उलगडली, हाताने सपाट केला आणि पुढे ठेवला. मी मनात ओरडत होतो, अरे ते नको, दुसरं, दुसरं!

न्यायाधीश बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग तारीख वाचली. सात मार्च, सकाळी आठ. "टोपी काढा." काढली. केस आता दोन्हीकडून सारखे. "या फोटोत केस असे का?"

दादाने टोपी पुढच्या कठड्यावर ठेवली.

"सहा तारखेला अर्धेच कापून झाले होते, साहेब," म्हणाला. "उरलेले कापायला वेळ नाही मिळाला."

मुलाला जामीन मिळाला. शिवणवाली कोणाकडेच न बघता पोलिसांच्या मागे धावली. दादाला बाकावर बसवून ठेवलं. मी त्याच्यासाठी चहा नेला तर पोलीस म्हणाला, लांब.

२ एप्रिल, बुधवार

दादाला दोन नोटिसा. खोटा जबाब दिला म्हणून एक. दुसरी परवाना कार्यालयाची, पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर देश सोडा. नोकरी गेलीच. आई फोनवर म्हणाली, आत्याने आपल्या घराशी बोलणं टाकलं आहे.

दादाला घेऊन केंद्रात गेलो. वकीलबाईंनी दोन्ही कागद वाचले. म्हणाल्या, "घ्यायला हवा हा खटला, याच्या समोर आता सरकार आहे, तो मुलगा नाही. पण याच्या विरुद्ध साक्ष दिलेला माणूस माझ्याच दारात बसून नंबर वाटतो. समोरचा वकील एका मिनिटात मला बाहेर काढेल."

"मग मी उठतो."

"मी तुला उठ म्हणालेली नाही."

"माहीत आहे, बाई. तुम्ही काहीच म्हणालेल्या नाहीत."

आता त्यांची भाषा मला कळायला लागली आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, फार वेळ पुसला. मी खोक्याची किल्ली टेबलावर ठेवली. छोटे वकील म्हणाले, "अक्षर बरं झालंय तुझं." त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

४ एप्रिल, शुक्रवार

सातवी नोकरी. खालीच, टायरच्या दुकानात. मालक म्हणाला, "वरून खाली आलास, उतरती कळा." खरं तर मी या शहरातून निघून जाणार होतो, बंदराकडे माणसं हवी आहेत असं ऐकलं होतं. पण कोर्टाचा कागद आलाय, दादाच्या खटल्यात मला परत बोलावतील. साक्षीदाराने गाव सोडायचं नाही. पहिल्यांदाच कोणीतरी मला असं खिळवून ठेवलं.

वर नवा माणूस बसलाय. शिवणवाली आज वकीलबाईंना भेटायला जिना चढून गेली, मुलगा सोबत. उंच आहे, अंगाला कपडे ढगळ. जाताना मला ओळखलं तिने. थांबली. म्हणाली, "त्या दिवशी दारात खोटं बोललास तू."

"हो, मावशी."

"हं," म्हणाली आणि वर गेली.

६ एप्रिल, रविवार

वकीलबाईंनी दादाला बजावलं आहे की खटला संपेपर्यंत माझ्याशी त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. तो जरा जास्तच पाळतो. मुळीच बोलत नाही. खोली आठ पावलांची, दोन खाटा, एक खिडकी. दोन माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात आणि बोलत नाहीत.

आज सकाळी मी चहा टाकला. दोन कप भरले, त्याचा खिडकीत ठेवला. त्याने घेतला. माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला म्हणाला, "साखर कमी आहे."

मी भिंतीला म्हणालो, "डबा रिकामा झालाय."

मग तो पुन्हा भिंतीला म्हणाला, "तुला काय वाटतं? पाठवून देतील मला?"

नोटिशीचे अकरा दिवस उरलेत. मी काही बोललो तर ते त्याच्याच खटल्यात मोजलं जाईल. आणि खरं सांगायचं तर मला माहीतही नाही.

भिंत काही बोलली नाही. मीही नाही. त्याने चहा संपवला, कप धुतला, मग माझाही धुतला.